बस कुठे थांबते, ते आधी सांगा

"ताई, तुमचे हे पिंपरीला कामाला होते तेव्हा बस कुठून धरायचे हो?"

पलीकडच्या वहिनी असा आडून प्रश्न विचारायला लागल्या की समजावं, खरा प्रश्न मागून येतोय. आमच्या दोघींच्या मधली कुंपणाची भिंत मेथीचं ताट मावेल एवढी रुंद आहे. कोथरूडमध्ये बंगले पाडून इमारती उठवायची लाट आली त्यात अशा भिंती गेल्या, आमची अजून उभी आहे. बिल्डरशी बोलणी फिसकटली म्हणून, आमच्या कर्तबगारीनं नव्हे.

"कर्वे पुतळ्यापाशी," मी म्हटलं. "का हो? पिंपरीला कोण निघालंय?"

"पिंपरी कुठली! चाकण. माझी भाची हो, इचलकरंजीची. गेल्या वर्षी लग्न झालं ती. चाकणला म्हाळुंग्याच्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग करणारा कारखाना आहे, तिथं क्वालिटीमध्ये आहे. आणि जावईबापू कल्याणीनगरला, कॉम्प्युटरवाले. इतके दिवस ती भोसरीत मैत्रिणींबरोबर, हा विमाननगरला मित्रांबरोबर. आता म्हणतायत घर करायचं. मी म्हटलं, इथंच बघा कोथरूडमध्ये, आत्या हाकेच्या अंतरावर आहे. तर आमचा भाऊ म्हणतो, मोशीला घ्या, नोकरीजवळ. आता मोशी म्हणजे..."

"मोशी म्हणजे काय वाईट आहे?"

"वाईट नाही हो. पण पुण्यात राहतो म्हणून सांगायचं आणि राहायचं मोशीला?"

खरी बोच ही होती. वहिनींच्या लेखी पुणं हॅरिस पुलाशी संपतं. पुलाच्या पलीकडे दापोडी, तिथून पुढं सगळं पिंपरी-चिंचवड, आणि पिंपरी-चिंचवडला स्वतःची महानगरपालिका होऊनसुद्धा (1982 साली झाली, कालपरवा नव्हे) ते यांच्या मनात अजून ‘तिकडचं’ आहे. यात वहिनी एकट्या नाहीत म्हणा. आमच्या पिढीनं अख्खा जन्म हेच केलं. नोकरी पुलापलीकडे, बिऱ्हाड पुलाअलीकडे. कारखाने तिकडे आले. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स 1954 ची, मग साठच्या दशकापासून गाड्यांचे कारखाने. माणसं मात्र सदाशिव-नारायणातून, नंतर कोथरूड-कर्वेनगरातून कंपनीच्या बसनं जात राहिली. शाळा इथं, नाटकं इथं, मंडई इथं.

"मग? तुमच्या ह्यांना जमलंच की!" वहिनी म्हणाल्या. "उभी हयात बसनं गेले. कधी कुरकुर ऐकली नाही मी त्यांची."

"ते कशाला कुरकुरतील? बसमध्ये बसले की डोळा लागायचा, तो कारखान्याच्या फाटकाशी उघडायचा. येताना पत्ते. शिवाय भिशी, दसऱ्याची पूजा, कोणी निवृत्त झालं की पेढे. माझ्या धाकट्या नणंदेचं स्थळसुद्धा त्याच बसमधून आलं, मागच्या सीटवरच्या माणसाचा भाचा. कुरकुर करायला हवी होती ती मी."

"तुम्ही?"

"अहो, ते पहाटे गेले की संध्याकाळपर्यंत घराला पुरुष नाही. गॅसचा नंबर, शाळेची फी, सासूबाईंचा दवाखाना, नळ गळतोय, कामवाली आली नाही, सगळं कोणी केलं? कोथरूडला राहून पिंपरीची नोकरी परवडायची, कारण घरी कोणीतरी बसलेलं असायचं. तुमची भाची पहाटे बसमध्ये आणि जावई मेट्रोत. मग दुपारी सिलिंडर घ्यायला दार कोण उघडणार? तुम्ही?"

वहिनी थोड्या गप्प झाल्या. मेथीच्या काड्या वेगळ्या होत राहिल्या. म्हटलं आता चिडतात की काय. पण त्या म्हणाल्या, "किल्ली माझ्याकडे ठेवली असती."

हे त्यांनी मनापासून म्हटलं, आणि ते खरंही झालं असतं. पण किल्लीच्या भरवशावर 35-40 किलोमीटर रोज जायचं म्हणजे जरा जास्तच झालं. कोथरूडहून चाकणला बसनं दीड तास कुठं गेला नाही, पावसाचे दिवस असले की दोन. चांदणी चौकाकडून बायपासनं जा नाहीतर गावातून जा, शेवटी सगळ्यांना नाशिकचा रस्ताच गाठायचा असतो. आणि तो रस्ता! फिरंगोजी नरसाळ्यांनी 1660 साली चाकणच्या संग्रामदुर्गात मोजक्या माणसांनिशी शाहिस्तेखानाला जवळजवळ दोन महिने अडवून धरलं होतं. आता किल्ल्याच्या नुसत्या पडक्या भिंती आहेत, पण अडवायचं काम तळेगाव चौकानं चालू ठेवलंय. एका बाजूनं कंटेनर, दुसऱ्या बाजूनं कांदा-बटाट्याच्या बाजाराचे टेम्पो, मध्ये कामगारांच्या बसगाड्या. रेल्वे चाकणला नाहीच. पुणे-नाशिक रेल्वेचं नाव वर्षानुवर्षं ऐकतोय, मार्ग कागदावर इकडून तिकडे सरकतोय, आणि माणसं रस्त्यावर बसलीत.

"म्हणजे तुमचं म्हणणं मोशी?" वहिनींनी असं विचारलं की मी ‘हो’ म्हटलं तर मेथी घेऊन आत जातील.

"मी कुठं म्हटलं? मोशीला घेतलं तर तिचं बरं झालं. त्याचं काय? मोशीहून कल्याणीनगर जाऊन बघा म्हणावं एकदा सकाळी साडेआठला. आणि नव्या इमारती दिसायला छान असतात हो, लॉबीत सोफे, गच्चीवर झोपाळा. पण पाणी विचारा. पिंपरी-चिंचवडात 2019 च्या नोव्हेंबरात दिवसाआड पाणी सुरू झालं. टाक्या मोठ्या असलेल्या जुन्या सोसायट्यांनी निभावून नेलं, नव्यांचा जीव टँकरवर. भाडं कमी दिसतं, मग मेंटेनन्सच्या पावतीत टँकर निघतो. आणि मोशीला कचरा डेपो आहे, वारा कुठल्या दिशेनं येतो तेही विचारायचं असतं. संध्याकाळी जाऊन बघावं, दुपारी बारा वाजता एजंटबरोबर नव्हे."

"एजंट!" वहिनींना आठवलं. "अहो, एजंटनं तर कहर केला. म्हणे फ्लॅट भोसरी मेट्रोला लागून आहे. जावईबापू खूश. जाऊन बघतात तर भोसरी गाव कुठं, मेट्रोचं स्टेशन कुठं! रिक्षावाला म्हणाला, साहेब, त्या स्टेशनचं नुसतं नाव भोसरी होतं, ते नाशिक फाट्याला आहे."

यात स्टेशनचा दोष नाही, पण नवखा माणूस फसतो खरा. मेट्रो जुन्या मुंबई रस्त्यावरून जाते. भोसरी नाशिक रस्त्यावर आत. नाशिक फाट्याला दोन्ही रस्ते फुटतात, तिथं हे स्टेशन. पण वहिनींनी रागानं सांगितलेल्या त्या गोष्टीतच सगळं उत्तर होतं, आणि माझ्या लक्षात आलं तसं मी कढीपत्ता बाजूला ठेवला.

"वहिनी, भाचीच्या कंपनीची बस कुठून कुठून येते?"

"काय माहीत! ती भोसरीत चढते सध्या."

"तेच तर. आधी घर नाही बघायचं. आधी तिच्या कंपनीतल्या अ‍ॅडमिनवाल्याकडे जायचं आणि बसच्या रूटचा तक्ता मागायचा. कुठल्या चौकात किती वाजता येते, पहिल्या पाळीला वेगळी, जनरलला वेगळी, दुसऱ्या पाळीची परतीची वेगळी. बस कुठे थांबते ते आधी बघायचं, भाडं किती ते मग. कोथरूडहून सुटणाऱ्या बसमध्ये पहिल्या थांब्याला चढलं की खिडकी मिळते हो, पण ती बस सगळं गाव गोळा करत जाते. नळस्टॉपला थांब, डेक्कनला थांब, शिवाजीनगरला थांब. शेवटच्या थांब्यावरचा माणूस अर्धा-पाऊण तास जास्त झोपून आलेला असतो. चाकणच्या बसेसचा भोसरीआधीचा मोठा थांबा बहुतेक नाशिक फाटा असतो. तिथून चाकण वीसएक किलोमीटर. म्हणजे भाचीनं नाशिक फाटा धरायचा."

"आणि जावयानं?"

"जावयानं मेट्रो. तीही नाशिक फाट्यावरून जाते की! पिंपरीहून स्वारगेटला जाणारी गाडी पकडायची, सिव्हिल कोर्टाला बदलायची, तिथून रामवाडीची. मध्ये येरवडा, मग कल्याणीनगर. बदलताना चढ आहे बरं का, खालची गाडी जमिनीखाली 33 मीटर आहे आणि वरची पुलावरून जाते. सरकत्या जिन्यांवरच सकाळचा फेरफटका होतो. पण पाऊस लागत नाही आणि चौकाचौकात अडकायला होत नाही."

वहिनींनी हिशेब केला. त्या हिशेबाला पक्क्या आहेत, पोस्टात होत्या. "मग मेट्रोच धरायची तर इथंही आहे, वनाझ! भाची वनाझला बसेल, सिव्हिल कोर्टाला बदलेल, नाशिक फाट्याला उतरून बस धरेल. झालं. कोथरूडही राहिलं, चाकणही राहिलं."

कबूल करायला हवं, युक्तिवाद चोख होता. 2022 च्या मार्चात वनाझ ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली तेव्हा आम्ही दोघी नटूनथटून बसून आलो होतो, उगाचच, गरवारेला उतरून पुन्हा परत. तेव्हा ती कुठंच नेत नव्हती. आता स्वारगेटपर्यंत, रामवाडीपर्यंत झाली तेव्हा लोक तिच्याभोवती घरं शोधायला लागले, हे बरोबरच आहे.

"जनरल पाळी असेल तर तुमचं बरोबर," मी म्हटलं. "पण तिला पहिली पाळी असते का?"

"महिन्यातून एक आठवडा. सातची."

"मेट्रो सहाला सुरू होते. वनाझहून सहाला निघून, कोर्टाला गाडी बदलून नाशिक फाट्याला पोचेपर्यंत सातच्या पाळीची बस मोशी ओलांडून गेलेली असणार. तो आठवडा काय करायचं? आणि दुसऱ्या पाळीचं बघा. सुटते रात्री अकरा-साडेअकराला. येईपर्यंत मेट्रो बंद. बस मोठ्या रस्त्याला सोडते, दारात नाही सोडत. नाशिक फाट्याला मध्यरात्री उतरून कोथरूडला यायचं कशानं?"

इथं वहिनींचा चेहरा पहिल्यांदा बदलला. रात्रीचं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्या वेळी रात्री साडेबाराला उतरायचे ते पुरुष. कर्वे पुतळ्यापासून घरापर्यंत डुलत डुलत यायचे, आणि कुत्री भुंकली की आम्हाला कळायचं, हे आले. आता पोरी पाळ्या करतात, मशीनवर उभ्या राहतात, लाइन सांभाळतात. तेव्हा घर बघायला गेलं की बाल्कनीतून दिसतं काय यापेक्षा थांब्यापासून दारापर्यंतचा रस्ता रात्री बाराला कसा आहे ते बघायला हवं. दिवे आहेत का, एखादं मेडिकलचं दुकान, रिक्षा स्टँड, एटीएमचा वॉचमन, काहीतरी जागं आहे का. माझं तर म्हणणं आहे की जावयाला एका रात्री तिथं चालायला लावावं. भाडेकरार त्यानंतर.

"मग खडकी?" वहिनींनी पुलाअलीकडचं शेवटचं ठाणं लढवायला घेतलं. "खडकी पुण्यातच येते. मेट्रो आहे, लोकल आहे."

"खडकी छान आहे. झाडं, मोकळे रस्ते. पण बराचसा भाग कॅन्टोन्मेंटचा आणि लष्कराचा. भाड्याला फ्लॅट मिळता मिळत नाहीत. मिळाला तर घ्यावा. बोपोडी आहे तिच्याच शेजारी, तिथं मिळतील, पण रस्त्यावरच्या गर्दीची सवय करावी लागेल. शिवाजीनगर तुम्हाला आवडेल, पण एजंटला भाडं विचारून बघा, मग ते आवडणार नाही."

"आणि पूल ओलांडला तर?"

हे त्यांनी इतक्या हळू विचारलं की मला हसू आलं. म्हटलं, ओलांडूया तर खरं. दापोडी, फुगेवाडी, कासारवाडी: मेट्रोच्या दृष्टीनं उत्तम, पण हायवेच्या कडेचं घर नको, धूळ आणि हॉर्न रात्रभर. आत शिरायचं. आणि माझ्या मनात होतं ते संत तुकारामनगर. नाशिक फाट्याच्या पुढचंच मेट्रो स्टेशन. जुनी, आखीव वसाहत आहे. झाडं मोठी झालेली आहेत, आणि माझ्या लेखी ती खूण फार महत्त्वाची, कारण झाड मोठं व्हायला जेवढी वर्षं लागतात तेवढ्यात ड्रेनेजची लाइन, भाजीवाला, पिठाची गिरणी, शिंपी, पोळीभाजी केंद्र हे सगळं आपोआप जागेवर आलेलं असतं. यशवंतराव चव्हाण रुग्णालय तिथंच. एसटीचं वल्लभनगर आगारही जवळ, म्हणजे इचलकरंजीची मंडळी लोणच्याच्या बरण्या घेऊन उतरली तर स्वारगेटहून रिक्षाशी घासाघीस नको.

"तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"आमच्या धाकट्या जाऊबाई तिथं राहतात ना."

"तरी पण ताई, नाटक-बिटक, गाण्याचा कार्यक्रम... पोरीला आवड आहे हो. कोथरूडला यशवंतराव नाट्यगृह पायाखाली, बालगंधर्वही जवळ."

"सुट्टी कधी असते तिला?"

"गुरुवारी."

मी काही बोलले नाही. बोलायची गरज नव्हती. भोसरी-पिंपरीकडच्या कितीतरी कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, विजेच्या वेळापत्रकामुळे पडलेली जुनी पद्धत. रविवारी दुपारी कोथरूडला प्रयोग सुरू होतो तेव्हा ही बाई म्हाळुंग्याला हेल्मेट घालून गेज लावत बसलेली असणार. शहराच्या ज्या सुखासाठी जास्त भाडं भरायचं ते सुख रविवारी वाटलं जातं आणि हिची सुट्टी गुरुवारी. जावयाची शनिवार-रविवार.

"म्हणजे दोघं भेटतात कधी?" मी विचारलं.

"रात्री आठनंतर," वहिनी म्हणाल्या, आणि मग त्यांच्या तोंडून ती गोष्ट निघाली जी एवढा वेळ मेथीच्या आड होती. परवा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणाला, तुझ्या नोकरीपायी मी कुठल्या कुठं राहायला येणार का? ती म्हणाली, मग तुझ्या नोकरीपायी मी का? तो म्हणाला, माझा पगार जास्त आहे. ती म्हणाली, माझा प्रवास जास्त आहे, आणि तू आठवड्यातून दोन दिवस घरूनच काम करतोस. त्यावर तो म्हणे काहीच बोलला नाही, नुसता मोबाइल बघत बसला.

"अगदी बरोबर बोलली पोरगी," मी म्हटलं. "ज्याला घरून काम करता येतं त्यानं लांबचं घ्यावं. मशीन काही घरी आणता येत नाही. पगारावर घर ठरवायचं तर मग बँकेतच राहायला जा म्हणावं."

"तुम्ही सांगाल का त्याला?"

"मी? तुमचा जावई, तुम्ही सांगा."

"मी सांगितलं की आत्या कोथरूडला ओढतेय असं वाटतं. आत्तापर्यंत तेच ओढत होते ना मी!"

त्या हसल्या, मीही हसले. मग आम्ही कामाचं बोललो. पहिली गोष्ट, विकत घ्यायचं नाव काढायचं नाही. कंपनीची बस ही काही सरकारी रेल्वे नव्हे. एका थांब्यावरची माणसं कमी झाली की दोन रूट एक होतात, थांबा उडतो. नोकरी बदलली की चाकणची रांजणगावला होते, मग नगर रस्ता, सगळं गणितच उलटं. तेव्हा अकरा महिन्यांचा करार करावा, आणि तो नोंदवून करावा. पुष्कळ लोकांना वाटतं अकरा महिन्यांचा म्हणजे नोंदणी नको. महाराष्ट्रात तसं नाही, लेखी करून नोंदवायलाच लागतो, आणि नोंदवला नाही तर भांडणात घरमालकाचीच बाजू लंगडी पडते. भाडेकरूनं आग्रह धरला की घरमालक जरा नाक मुरडतो, मुरडू द्यावं.

"आणि लॉक-इन किती आहे ते वाचायला सांगा," मी म्हटलं. "नाहीतर थांबा उडाला आणि डिपॉझिट अडकलं, असं व्हायचं. एक पावसाळा काढू दे त्यांना तिथं. आळंदीला कार्तिकीची गर्दी होते तेव्हा मोशीपासून रस्ते कसे वळवतात, तेही एकदा अनुभवू दे."

"आणि मी म्हणते, घर दोन बेडरूमचं असू दे," वहिनी म्हणाल्या.

"ते का?"

"रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा अंधारी खोली लागते. आणि तो घरून मीटिंगा घेतो, मोठ्यानं बोलतो हो फार, मी ऐकलंय. एकाच खोलीत दोघं, मग परत भांडण."

हे मात्र मला सुचलं नव्हतं. पोस्टातल्या बाईला सुचलं. म्हटलं, वहिनी, हे पहिल्या नंबरवर लिहा.

"लिहिते. पण ताई, ते तुकारामनगर... तुमच्या जाऊबाईंच्या इमारतीत आहे का हो काही रिकामं?"

"त्यांच्या वरचं माणूस हैदराबादला गेलंय. दोन बेडरूम. पण त्यांना शाकाहारीच भाडेकरू हवेत असं ऐकलंय."

वहिनींनी मेथीचं ताट उचललं आणि इकडं तिकडं पाहिलं. "इचलकरंजीचा जावई कोल्हापूरचा आहे," त्या म्हणाल्या. "तांबडा-पांढरा सुटायचा नाही. पण रविवारी तो एकटाच घरी असतो, ती कामावर. रविवारी आमच्याकडे जेवायला पाठवला तर?"

"म्हणजे मेट्रोनं कोथरूडला मटण खायला?"

"का, वनाझला उतरला की दहा मिनिटं. तुम्ही जाऊबाईंना फोन लावा तर. डिपॉझिट किती म्हणतात ते विचारा आधी, आणि मी विचारतेय असं नका सांगू."